ताठ बस

गेल्या महिन्यात माझी कंबर धरली. अंगणातला पेपर उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. वर येता येईना, खाली बसता येईना. सौ. आधी हसली, मग घाबरली, आणि शेवटी शेजारच्या मुलाने मला गाडीत घालून पूल ओलांडून भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेले. (परगावच्या वाचकांसाठी : आमचे कारधा वैनगंगेच्या एका काठावर आणि भंडारा दुसऱ्या काठावर. दवाखाना, बाजार, कचेरी, सगळे पुलापलीकडे.)

डॉक्टरांच्या टेबलावर प्लॅस्टिकचा एक कणा टांगलेला होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी माझे दुखणे समजावले आणि पंधरा दिवस जपून राहायला सांगितले. रात्री पुण्याहून नातीचा फोन. "आजोबा, एकूण मणके किती असतात हो?" पस्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला उत्तर आले नाही! मी मराठी आणि इतिहास शिकवला, शिक्षण मराठीतून बी.ए., विज्ञानाशी संबंध मॅट्रिकपुरता. पण नातीपुढे हार कशी मानणार? पडल्या पडल्या मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता दोन माणसे आठवली, आणि त्यातल्या एकीच्या आठवणीने पुढचे काही दिवस झोप लागली नाही. म्हणून हा लेख.

आधी नातीचे उत्तर. जन्मतः मणके ३३. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्याखाली ५ आणि शेवटी साधारण ४. खालचे पाच मोठेपणी जुळून एकच त्रिकास्थी होते आणि शेवटचे चार जुळून माकडहाड. म्हणजे मोठ्या माणसात हिशेबाला २६ हाडे उरतात. गंमत म्हणजे जिराफाच्या मानेतही सातच मणके असतात, फक्त एकेक मणका लांबलचक.

एकेका मणक्याला पुढच्या बाजूला भरीव ठोकळा आणि मागे हाडाची कमान असते. दोन्हींच्या मध्ये भोक. बांगड्या एकावर एक रचल्या की आत जशी पोकळी तयार होते, तशी या भोकांची नळी होते आणि तिच्यातून मज्जारज्जू जातो. हा रज्जू करंगळीएवढा जाड, साधारण ४५ सेंटिमीटर लांब, आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. हात हलवणे, पायाला काटा रुतल्याचे कळणे, लघवी धरून ठेवणे, सगळा कारभार या वाटेने. म्हणजे कणा हा नुसता खांब नाही, तो खांबही आहे आणि तिजोरीही आहे.

दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. बाहेरून चिवट पदर, आत आळलेल्या पेजेसारखा गर. दिवसभराच्या भाराने या चकत्यांतले पाणी थोडे कमी होते, रात्री आडवे झालो की परत भरते. त्यामुळे सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो. मी पट्टी घेऊन स्वतःला मोजायचा प्रयत्न केला, पण सौ.ने पट्टी काढून घेतली. असो.

यापुढची गोष्ट मात्र मला अगदी नवी होती. कणा सरळ नसतो! समोरून पाहिला तर सरळ, बाजूने पाहिला तर त्याला चार बाक. तान्ह्या बाळाची पाठ एकाच कमानीची असते. बाळ मान धरू लागले की मानेला उलटा बाक येतो आणि उभे राहून चालू लागले की कमरेला. म्हणजे ज्याला आपण 'ताठ उभे राहणे' म्हणतो, ते कण्याला वाकवूनच साधते. सरळ बांबू धक्क्याने मोडला असता. बाक आणि चकत्या धक्का पोटात घेतात.

हे वाचले आणि पुस्तक छातीवर ठेवून पडून राहिलो. पस्तीस वर्षांत 'ताठ बस' हे दोन शब्द मी किती हजार वेळा उच्चारले असतील?

आपल्या भाषेतही ते भिनले आहे. भेकड माणसाला आपण 'कणा नसलेला' म्हणतो, मानी माणसाचा कणा 'ताठ' असतो. मी वर्गात हे वाक्प्रचार फळ्यावर लिहून दिले आहेत. पण हाडाचा कणा आणि मनाचा कणा यांचा खरेच काही संबंध आहे का? आपल्या विदर्भातलेच उदाहरण घेऊ. बाबा आमटे, जन्म हिंगणघाटचा, १९१४ चा. १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ त्यांनी आनंदवन उभे केले. पुढे मणक्यांच्या दुखण्याने त्यांना इतके ग्रासले की आयुष्याची शेवटची अनेक वर्षे त्यांना बसताच येत नव्हते. उभे राहायचे, चालायचे, नाहीतर आडवे व्हायचे, मधला पर्यायच नाही. अशा अवस्थेत एकाहत्तराव्या वर्षी, डिसेंबर १९८५ मध्ये, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण मुले-मुली सायकलवर आणि बाबा गाडीत अंथरुणावर. पाच हजार किलोमीटरहून अधिक प्रवास. 'भारत जोडो' म्हणतात ती हीच. १९८८ मध्ये पुन्हा पूर्वेकडून पश्चिमेकडे, अरुणाचलापासून गुजरातपर्यंत. १९९० मध्ये नर्मदेच्या काठी जाऊन राहिले ते वेगळेच. २००८ मध्ये ते गेले.

उभे राहता येते आणि बसता येत नाही, हे मला तेव्हा चमत्कारिक वाटे. आता कळले. स्वीडनमध्ये नाकेमसन नावाच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या कमरेच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. त्यांना असे आढळले की आधाराविना बसल्यावर चकतीवरचा दाब उभे असतानापेक्षा जास्त असतो आणि पुढे वाकून बसले की आणखी वाढतो. कण्याच्या दृष्टीने बसणे म्हणजे विश्रांती नव्हे. चाळीस मिनिटांचा तास टाटपट्टीवर टेका नसताना मांडी घालून बसणाऱ्या मुलांच्या कण्याचा विचार मी कधीच केला नव्हता.

आता थोडा इतिहास, तो माझा विषय. मणके मोजण्याचे काम फार जुने. आज उपलब्ध असलेल्या सुश्रुतसंहितेत शरीराची एकूण हाडे ३०० सांगितली आहेत, त्यात पाठीत ३० आणि मानेत ९. चरकसंहितेत एकूण ३६०, त्यात पाठीत ४५. आकडे आपापसांत जुळत नाहीत आणि आजच्या मोजणीशीही जुळत नाहीत, कारण मोजण्याची रीत वेगळी. पण सुश्रुतसंहितेत आणखी एक गोष्ट आहे. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू खरवडत एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असे तिथे सांगितले आहे. नुसते ऐकून शल्यवैद्य होता येत नाही, हा विचार त्यामागे आहे. पुढे आपल्याकडे प्रेताला शिवणे विटाळाचे ठरले आणि पाहणे थांबले.

युरोपही फार पुढे नव्हता. गॅलेन या वैद्याने माकडे आणि इतर जनावरे कापून जे लिहिले, तेच माणसाचे शरीर म्हणून साधारण तेराशे वर्षे शिकवले गेले. १५४३ मध्ये वेसेलियसने स्वतः माणसाची प्रेते फाडून, चित्रांसह ग्रंथ छापला आणि गॅलेनच्या चुका दाखवल्या. आपल्याकडे ही परंपरा पुन्हा सुरू झाली ती १८३६ मध्ये. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी प्रेतावर सुरी चालवली. ते स्वतः संस्कृत वैद्यकाचे अध्यापक होते. सुश्रुताचे पुस्तक जाणणाऱ्या माणसाच्याच हातून ते घडावे, हे मला फार आवडले.

आता पहिले माणूस. माझी मोठी आत्या.

आत्याला कुबड होते. गावात तिला नावाने कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. आठ-नऊ वर्षांची असताना, म्हणजे १९३० च्या आसपास, तिची पाठ दुखू लागली. कित्येक महिने खाटेवर होती. अंगारे झाले, कोंबडे झाले, तापल्या सळईचे डाग झाले. उठली तेव्हा पाठीवर उंचवटा आला होता आणि तो वाढतच गेला. लग्न झाले नाही. जन्मभर आमच्याच घरी राहिली. आषाढात रोवणी सुरू झाली की ती बांधीत सगळ्यांच्या पुढे असे. पेंडी डाव्या हातात, उजव्या हाताने पऱ्हे चिखलात रोवत मागे सरकायचे. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाकून. बाकीच्या बाया मधूनमधून उभ्या राहून कमरेवर हात ठेवत, आत्या नाही. "मी त वाकलेलीच आहो बापू, मले आनखी काहाले वाका लागते?" असे म्हणायची आणि स्वतःच हसायची.

आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे वेड तुम्हाला ठाऊकच आहे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना गावात रामायणाचा खेळ झाला. मंथरेचे काम करणाऱ्या माणसाने पाठीला चिंध्यांचे गाठोडे बांधले होते. तो वाकडा वाकडा चालत आला आणि सगळा मांडव हसला. मीही हसलो. माझ्या शेजारी आत्या बसली होती. तिने पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की नाही, हे मला त्या वेळी कळले नाही. पुढेही विचारले नाही.

आपल्या कथांत कुबडाला दोनच जागा आहेत. मंथरेसारखे कपट, नाहीतर मथुरेच्या कुब्जेसारखा चमत्कार, कृष्णाचा हात लागला आणि ती सरळ झाली. कुबड हा आजार असू शकतो, हे कथांत नाही. आमच्या घरीही 'मागच्या जन्माचे' म्हणून सोडून दिले होते.

तो होता क्षय. मणक्याचा क्षय. फुप्फुसातले जंतू रक्तातून मणक्याच्या पुढच्या ठोकळ्यात जाऊन बसतात आणि हाड पोखरतात. पुढचा ठोकळा ढासळतो, मागची कमान मात्र शाबूत राहते. पुढची भिंत खचल्यावर घर जसे पुढे झुकते, तसा कणा पुढे घडी पडतो आणि मागे उंचवटा येतो. लहान मुलांत वाढीबरोबर हा बाक पुढेही वाढू शकतो. घडी मज्जारज्जूवर दाबली तर पाय लुळे पडतात. हा रोग फार प्राचीन आहे. इजिप्तमधल्या अमुन देवाच्या एका पुजाऱ्याचे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे, जतन केलेले प्रेत सापडले, त्याच्या पाठीला हेच कुबड आहे. १७७९ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने कुबड आणि पाय लुळे पडणे यांची सांगड घालून वर्णन लिहिले, म्हणून याला पॉटचा रोग म्हणतात. पण कारण त्यालाही ठाऊक नव्हते. ते कळले २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला तेव्हा. १८९५ मध्ये क्ष-किरण आले आणि जिवंत माणसाचा मणका दिसू लागला.

दिसू लागला, पण बरा करता येत नव्हता. आत्या खाटेवर होती तेव्हा जंतू सापडून जवळपास पन्नास वर्षे झाली होती आणि जगात कुठेही औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ मध्ये, आयसोनियाझिड वापरात आले १९५२ मध्ये. आत्याला वाचवायला कोणीच काही करू शकले नसते, हे वाचून मला विचित्र समाधान वाटले.

त्यानंतरची प्रगती आपल्यासारख्या गरीब देशांनीच करून दाखवली. १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्राने सिद्ध केले की फुप्फुसाच्या क्षयाचा रोगी घरी राहून औषध घेतो तेव्हाही सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. मणक्याच्या क्षयात रोग्याला महिनोन् महिने खाटेला खिळवत, धडाला प्लास्टर घालत. कोरियात मासान आणि पुसान इथे १९६० च्या दशकात सुरू झालेल्या चाचण्यांनी दाखवले की औषध नीट चालू असेल तर खाट किंवा प्लास्टर यांनी निकालात फरक पडत नाही. आपल्याकडे वाराणसीला डॉ. एस. एम. तुली यांनी 'मधला मार्ग' काढला : सगळ्यांना औषध, शस्त्रक्रिया फक्त ज्याला खरोखर गरज आहे त्याला. त्यांचे निष्कर्ष १९७५ मध्ये छापून आले.

आणि आता दुसरे माणूस. १९८३ साल. मी नदीपलीकडच्या एका गावात सहावीला शिकवत होतो. वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. हुशार नव्हती, मठ्ठही नव्हती. पावसाळ्यानंतर तिने एक खोड धरली. दोन्ही हात मांड्यांवर रोवून पुढे झुकून बसायची. मी ओरडायचो, "ताठ बस!" ती क्षणभर ताठ व्हायची, पुन्हा झुकायची. खडू खाली पडला तर सगळी पोरे वाकून उचलत, ही उकिडवी बसून उचलायची, पाठ अजिबात न वाकवता. वर्ग हसायचा. मला वाटे, नखरे करते. एकदा चिडून मी तिला तासभर भिंतीला पाठ लावून उभे केले. मग ती माझी शिक्षाच ठरून गेली, झुकली की भिंत.

दिवाळीनंतर ती आली नाही. बऱ्याच दिवसांनी बाप भेटला. म्हणाला, पोरीचे पाय चालत नाहीत. भंडाऱ्याहून नागपूरला नेले होते. मणक्याचा क्षय निघाला होता.

या महिन्यात मी जे वाचले, त्यात लहान मुलांतली लक्षणे दिली आहेत. संध्याकाळचा बारीक ताप. वजन उतरणे. झोपेत स्नायू सैल पडले की दुखून रडत उठणे. हातांवर धडाचा भार देऊन बसणे. आणि खाली पडलेली वस्तू उचलायला सांगितली की पाठ ताठ ठेवून उकिडवे बसणे. ही तर डॉक्टरांची नेहमीची तपासणी आहे. मूल जमिनीवरची वस्तू कशी उचलते ते पाहायचे. मी ती तपासणी रोज पाहत होतो. ज्या घरात आत्या वाढली, त्या घरातला मी. १९३० मध्ये औषध नव्हते. १९८३ मध्ये औषध येऊन चाळीस वर्षे झाली होती. उणीव होती ती ओळखणाऱ्याची, आणि दिवसातले पाच तास त्या पोरीच्या समोर उभा असलेला माणूस मीच होतो.

मुलगी वाचली. दीड वर्ष औषधे चालली, पाय परत आले. पाठीवर उंचवटा राहिला, आत्याच्या मानाने बराच लहान. तिने शाळा पुढे केली नाही.

चारेक वर्षांपूर्वी भंडाऱ्याच्या बाजारात एका बाईने हाक मारली, "गुरुजी!" मी पाठीवरून ओळखले, चेहऱ्यावरून नाही. सोबत नातू होता. शिवणकाम करते म्हणाली, घर चांगले चालले आहे म्हणाली. मी कसेबसे म्हणालो, "बाई, मी तुला फार त्रास दिला. भिंतीशी उभी करत होतो." ती गोंधळली. मग आठवून हसली. म्हणाली, "नाही गुरुजी, मले त थे बरं वाटे. टेकाले भेटे ना. म्हून त मी मुद्दाम वाके."

यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. तिने नातवाला पाया पडायला लावले. मुलगा वाकला, पटकन, अगदी सहज, आणि उठला. मी त्याच्या पाठीकडे पाहत राहिलो.

माझी कंबर आता बरी आहे. नातीला ३३ आणि २६ दोन्ही आकडे सांगितले. वाचकांपैकी जे शिक्षक असतील, आई-बाप असतील, त्यांना एवढेच सांगणे. क्षय आपल्याकडून गेलेला नाही. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषधे फुकट आहेत. एखादे मूल आठवडेच्या आठवडे पाठ दुखते म्हणत असेल, वाळत असेल, नीट वाकत नसेल, तर 'ताठ बस' म्हणण्याआधी एकदा त्याच्या पाठीवरून हात फिरवून पाहा.